सशाची सावली

महसूल खात्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसास चित्रपटातील नायक-नायिकांपेक्षा त्यातील दस्तऐवजांविषयी अधिक कुतूहल वाटावे, यात नवल नाही; आणि ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ हा 1988 सालचा अमेरिकन चित्रपट मला प्रथमदर्शनीच भावला तो, खरे सांगावयाचे तर, त्यातील सशामुळे नव्हे, तर एक गहाळ झालेले मृत्युपत्र, एका वसाहतीच्या मालकीचा कज्जा आणि न्यायासनाच्या आडून जमीन गिळंकृत करू पाहणारा एक अंमलदार, असा माझ्या नित्य परिचयाचा ऐवज त्यात ओतप्रोत भरला होता म्हणून. सशाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या पुतण्याने. तो त्या वेळी जे. जे.मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण घेत होता, आणि व्हिडिओ लायब्ररीतून ती कॅसेट त्यानेच भाड्याने आणली होती.

चित्रपटाचा काळ 1947चा, स्थळ लॉस एंजेलिस. त्या नगरात हाडामांसाची माणसे आणि शाईरंगाने घडलेली पात्रे, म्हणजे टून, शेजारी शेजारी नांदतात. टून चित्रपटांत नोकऱ्या करतात, पगार घेतात, आणि दिवस मावळला की टूनटाऊन नावाच्या आपल्या वस्तीत परततात. मार्विन ॲक्मी या धनिकाचा खून होतो, संशय रॉजर नावाच्या सशावर येतो, आणि ज्याच्या भावाचा एका टूनने डोक्यावर पियानो टाकून जीव घेतला, त्या एडी व्हॅलियंट या मद्यासक्त गुप्तहेरावरच त्या सशाला वाचविण्याची पाळी येते. हे भावाचे दुःख दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस याने शब्दांनी सांगितलेले नाही. एडीच्या कचेरीतून कॅमेरा सावकाश फिरतो, भिंतीवरची छायाचित्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे दाखवितो, आणि अखेरीस भावाच्या मेजावर येऊन थांबतो, जेथील एकही वस्तू हललेली नाही व जेथे धुळीचा थर तेवढा साचलेला आहे. दप्तर वाचण्याची सवय असलेल्या माणसास याहून अधिक खुलाशाची गरज नसते.

परंतु मला खरा चटका लावला तो ‘इंक अँड पेंट क्लब’मधील प्रसंगाने. त्या क्लबात रंगमंचावर टून, पेये आणून देणारे पेंग्विन टून, आणि खुर्च्यांवर बसण्याचा अधिकार मात्र केवळ माणसांना! ज्यांच्या गुणांवर धंदा चालतो त्यांनाच दाराशी अडविण्याची ही रीत आपल्याकडील वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेथेच बेटी बूप भेटते. 1930 नंतरच्या दशकात लोकप्रियतेच्या शिखरावर असलेली ही नटी आता सिगारेटी विकत फिरते आहे, कारण चित्रपट रंगीत झाले आणि ती मात्र कृष्णधवल राहिली. आणि तिला आवाज दिला आहे तो त्या जुन्या काळी तिचा आवाज असलेल्या मे क्वेस्टेल हिनेच. दृश्य अर्ध्या-एक मिनिटाचे असेल. त्याच क्लबात डॉनल्ड आणि डॅफी ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची बदके समोरासमोर पियानो बडवितात, त्याचेच कौतुक सर्वत्र अधिक होते. मला मात्र त्या गोंगाटातून बेटीचाच आवाज ऐकू येत राहिला.

पुतण्याचे मन गुंतले होते ते दुसऱ्याच एका दृश्यात. एडी आणि रॉजर यांच्या मनगटांत एकच बेडी अडकलेली असते; मद्यालयामागच्या एका अंधाऱ्या खोलीत एडी ती करवतीने कापू पाहतो, आणि त्या गडबडीत त्याचे डोके छतापासून लोंबणाऱ्या दिव्यास लागते. दिवा हेलकावू लागतो. त्याबरोबर खोलीतील प्रत्येक वस्तूची सावली इकडून तिकडे सरकू लागते, आणि ससाही क्षणात उजळतो, क्षणात काळवंडतो. “काका, हा दिवा हलवायची काहीच गरज नव्हती,” असे म्हणून पुतण्याने टेप मागे फिरविली. पुन्हा पाहिले, आणि पुन्हा मागे फिरविली.

त्याने सांगितलेली रीत अशी. आधी माणसांचे चित्रीकरण व्हावयाचे. मग त्या फिल्मच्या एकेका चौकटीची मोठी छायाप्रत काढून ती चित्रकाराच्या मेजावर जावयाची आणि तिच्यावर कागद ठेवून त्याने त्या चौकटीपुरता ससा रेखाटावयाचा, एका सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने. ससा कागदी दिसू नये म्हणून त्याच्या अंगावरील छायेचा एक थर, प्रकाशाने उजळलेल्या कडेचा दुसरा, जमिनीवर पडलेल्या सावलीचा तिसरा, असे थर निरनिराळे सिद्ध करून ते सर्व ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या संस्थेत फिल्मवर एकत्र मुद्रित केले जात. संगणकाने हे काम अंगावर घेण्याचे दिवस अद्याप यावयाचे होते. चित्रे आणि माणसे एकत्र आणावयाची तर कॅमेरा स्थिर हवा, असा या धंद्यातील जुना दंडक होता. चित्रविभागाचा प्रमुख रिचर्ड विल्यम्स याने तो बाजूस सारला, कॅमेरा खुशाल फिरू द्या, आम्ही त्यामागून ससा फिरवू, असा पवित्रा घेतला, आणि अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने त्याला त्याबद्दल विशेष पुरस्कार दिला. 1945 साली जीन केलीबरोबर नाचलेला जेरी उंदीर आणि 1964 साली ‘मेरी पॉपिन्स’मध्ये नाचलेले पेंग्विन हे सशाचे पूर्वज मोठे गोड आहेत, पण पडणाऱ्या उजेडाचा इतका काटेकोर हिशेब त्यांच्याकडून कोणी मागितला नव्हता.

तरीही केवळ चित्रकारांच्या कष्टाने हा ससा जिवंत झाला असता असे मला वाटत नाही. एडीची भूमिका करणारा बॉब हॉस्किन्स हा इंग्रज नट ज्या ठिकाणी पाहतो, त्या ठिकाणी चित्रीकरणाच्या वेळी रिकामी हवा होती. आणि रिकाम्या हवेकडे पाहणाऱ्या माणसाची दृष्टी आपोआप मागच्या भिंतीवर जाऊन स्थिरावते, हे कोणीही स्वतः करून पाहावे. हॉस्किन्सची दृष्टी भिंतीवर जात नाही. हातभर अंतरावर, सशाच्या नाकापाशी, थांबते. तो सशाची मानगूट धरतो तेव्हा त्याच्या दंडाला ओझे जाणवते. सशाचा आवाज देणारा चार्ल्स फ्लायशर हा सशाचा पोशाख चढवून कॅमेऱ्याबाहेर उभा राहून संवाद म्हणत असे, हे वाचून मला हसू आले. पण समोरच्या माणसाची श्रद्धा टिकावी म्हणून एवढा खटाटोप करणाऱ्याविषयी आदरही वाटला. बेडीच्या त्या प्रसंगाचा शेवट असा की, ससा सहज हात बाहेर काढतो आणि एडी संतापून विचारतो की हे आधीच का नाही केलेस. त्यावर ससा सांगतो की ते केवळ हसू येण्याजोग्या क्षणीच शक्य होते. टूनांच्या राज्यातील कायदा याहून स्पष्ट कोणत्या कलमाने सांगावा?

खलनायक न्यायाधीश डूम याचा हेतू उघड होतो तेव्हा कथेला लॉस एंजेलिसच्या खऱ्या इतिहासाचा स्पर्श होतो. त्याने शहराची लाल ट्राम विकत घेतली आहे ती मोडीत काढण्यासाठी, आणि टूनटाऊन पुसून त्यावरून त्याला मोटारींचा हमरस्ता न्यावयाचा आहे. पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या त्या लाल गाड्यांची वाहतूक 1961 साली प्रत्यक्षात बंद पडली. मुंबईची ट्राम 1964च्या मार्चअखेर. डूम मोठ्या भक्तिभावाने पेट्रोल पंपांचे आणि जाहिरातफलकांचे वर्णन करू लागला, तेव्हा हे भाषण आपण कोठे तरी ऐकले आहे असे वाटून मी क्षणभर अस्वस्थ झालो.

ॲक्मीचे मृत्युपत्र शेवटी सापडते. अदृश्य होऊन पुन्हा उमटणाऱ्या शाईने ते ज्या कागदावर लिहिलेले असते, तो कोरा समजून रॉजरने त्यावर आपल्या पत्नीस प्रेमपत्र लिहिलेले असते. टूनटाऊन टूनांना मिळते. पुतण्या प्रसन्न झाला. मी मात्र हरकत घेतली की पडद्यावर साक्षीदारांच्या सह्या कोठे दिसल्या नाहीत, आणि आपल्याकडे 1925च्या वारसा कायद्याने मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात. त्याने विचारले, बदके चालतील का? मी म्हटले, डॅफीचे एक वेळ चालेल. पण डॉनल्डचा जबाब लिहून घेणारा कारकून अद्याप कोणत्याही खात्यात भरती झालेला नाही.