सांगितलं कुणी?

राजवाडा असो की चाळीतलं बिऱ्हाड, घरातली गोष्ट बाहेर फुटली की पहिला प्रश्न एकच : हे सांगितलं कुणी?

जून १९९२ मध्ये अँड्र्यू मॉर्टन या पत्रकाराचं डायनावरचं पुस्तक निघालं. तिच्या संसाराची सारी दुखणी त्यात होती. राणीचे खासगी सचिव रॉबर्ट फेलोज हे डायनाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी मेहुणीला सरळ विचारलं. आपला त्यात हात नाही, असं तिनं सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. मॉर्टनवर मात्र टीकेची झोड उठली. १९९७ मध्ये डायना गेल्यावर त्यानं उलगडा केला. माहिती खुद्द तिचीच होती! तिनं ध्वनिफितींवर बोलायचं, डॉक्टर मित्रानं त्या मॉर्टनकडे पोचवायच्या, असा सारा बेत होता.

नोव्हेंबर १९९५ मध्ये बीबीसीवर ती उघडपणे बोलली. पण तिच्यापर्यंत पोचण्यासाठी मार्टिन बशीरनं तिच्या भावाला बँक-खात्याचे बनावट उतारे दाखवले होते. मे २०२१ मधल्या चौकशी अहवालानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

एकदा बोलणारी पडद्याआड राहिली, तर एकदा तिच्याकडे नेणारी वाटच खोटी निघाली. दोन्ही वेळा फसलं ते घरचंच माणूस.

थोरामोठ्यांच्या घरच्या गोष्टी आपण चवीनं वाचतो. तेव्हा ‘खरं की खोटं?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘हे कळलं कसं?’ हेही विचारायला हवं. कारण त्याची किंमत कुणाच्या तरी घरात मोजली जात असते.