उचगावच्या शाळेचा पट

उचगाव हे करवीर तालुक्यातील गाव. कागदोपत्री येथे ग्रामपंचायत नांदते. परंतु एका अंगाला कोल्हापूर शहर, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची घाऊक कापडपेठ आणि थोड्याच अंतरावर शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, अशा कोंदणात बसलेल्या गावाला खेडे म्हणणे कठीण. हद्दवाढीचा वाद अधूनमधून पेटतो आणि विझतो. शाळेच्या पटाने मात्र तो प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. या पट्ट्यातील कोणत्याही जिल्हा परिषद शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. मातृभाषा, जन्मस्थळ आणि पूर्वीची शाळा हे तीन रकाने वाचले, की फाउंड्रीत कोण राबते, गोदामात गाठी कोण उचलते आणि नवी घरे कोण बांधते, हे वेगळे विचारावे लागत नाही.

परक्यांची मुले या मातीला नवी नाहीत. शेजारच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती आणि त्या मुलांसाठी तेथे पोलिश शाळा चालत. ते गेल्यावर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्याच ठिकाणी वसली व गांधीनगर उभे राहिले. आज जी पेठ आपल्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्याची आहे, तिचा पाया बेघरांनी घातलेला आहे.

आता प्रश्न गुणवत्तेचा. शिष्यवृत्तीची यादी लागली की कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी फलक झळकतात आणि त्यात जिल्हा परिषदेच्या शाळांची मुलेही अभिमानाने उभी असतात. हे यश खरे आहे. तरीही सुस्थितीतील घरांत सहावीच्या प्रवेशाचा विषय निघाला, की ‘सरकारी शाळेत आता कोण असते?’ एवढ्या एका वाक्यावर चर्चा संपते. त्या वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. शाळेत कोण शिकते हा एक प्रश्न आणि शाळा कसे शिकवते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवून आपण मोकळे होतो.

व्यापारी माणसाने तरी ही चूक करू नये. आरंभीची शिल्लक न मांडता वर्षअखेरचा नफा कोणी काढतो काय? जूनमध्ये सहावीत दोन मुले बसतात. एक पहिलीपासून त्याच शाळेत आहे, घरी आई अभ्यास घेते. दुसऱ्याचे वडील कामामागे फिरतात. त्याच्या दोन इयत्ता कानडी शाळेत गेल्या, एक हिंदी शाळेत, आणि मराठी जोडाक्षरे त्याला अजून अडतात. एप्रिलमध्ये पहिल्याने ऐंशी गुण मिळवले, दुसऱ्याने पंचेचाळीस. तक्त्यावर दुसरा मुलगा वर्गाची सरासरी खाली ओढतो. पण वर्षभरात अधिक अंतर कोणी कापले आणि ते कापून घेणाऱ्या शिक्षकाच्या पदरात काय पडले, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. ज्यांना परवडते ती कुटुंबे आपली मुले काढून नेतात, सरासरी आणखी घसरते आणि ती घसरण पाहून उरलेलीही निघतात. शाळा तीच, शिक्षक तेच. बदलला तो पट.

अनेकांताची शिकवण लाभलेल्या समाजाला एका आकड्याने शाळेचा निवाडा करणे शोभत नाही. शिवाय या भूमीत आपले स्वतःचे ऋणही आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एका वर्गात आणले. त्याआधी, 1901 मध्ये, कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग निघाले ते त्यांच्याच आश्रयाने. त्या बोर्डिंगात राहिलेले कुंभोजचे भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीच्या स्नानास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. कर्मवीरांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांना बोर्डिंग का सोडावे लागले, हे सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो.

2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही असे ठरविले, म्हणजे पंचवीस टक्के राखीव प्रवेशांचे बंधनही त्यांच्यावर उरले नाही. कायद्याने ही सवलत योग्यच असेल. तिचा परिणाम मात्र असा, की आपल्या दुकानातील हमालाचे मूल आणि मालकाचे मूल एका बाकावर येण्याची उरलीसुरली शक्यताही पातळ झाली.

मोठ्या देणग्यांची येथे फारशी गरज नाही. इमारतीला रंग देणारे दाते भेटतात. अडते ते कागदावर. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांनाच ती परीक्षा देता येते. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 शिष्यवृत्त्या येतात. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि तसा दाखला जोडावा लागतो. गोदामात हमाली करणाऱ्या माणसाचे उत्पन्न त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असते, पण ते सिद्ध करण्याजोगा कागद त्याच्यापाशी नसतो. पगार रोखीने मिळतो, नावाची चिठ्ठी नाही. खोलीमालक भाडेकरार करून देत नाही, म्हणून रहिवासाचा पुरावा नाही. तहसील कचेरीत एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. मुलगी हुशार आहे, हे वर्गशिक्षिका सांगते. अर्जाची मुदत तोवर टळून जाते. मालकाच्या सहीचे पगारपत्र व खोलीमालकाचा साधा करार, हे दोन कागद जुलैतच हाती आले, तर अर्ज शाळाच भरून घेते.