बहरातली वाट

वास आधी येतो, झाडं मागाहून दिसतात. मिनोरीच्या सांता त्रोफिमेना चर्चच्या मागून दगडी पायऱ्या वर चढू लागतात. दोन्हीकडच्या घरांच्या भिंती इतक्या जवळ की हात पसरले तर दोन्ही तळवे टेकावेत. एकही झाड अजून नजरेला पडलेलं नसतं. खिडकीतून येणारा तळणाचा वास, दोरीवरच्या ओल्या कपड्यांचा वास, सावलीतल्या दमट दगडाचा वास, एवढंच काय ते असतं, आणि त्या सगळ्यांमधून वाट काढत तो येतो. मे महिन्यातल्या लिंबाच्या बहराचा. गोड म्हणावा तर त्याला एक हिरवट, कडसर किनार असते; उग्र म्हणावा तर तो अंगावर येत नाही. मुद्दाम थांबून, डोळे मिटून, दीर्घ श्वास घेतला की तो हमखास हुलकावणी देतो. आपण भलत्याच कशाचा तरी विचार करत चार पायऱ्या चढलो, की पुन्हा सोबतीला हजर.

दक्षिण इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर माणसं येतात ती डोळ्यांसाठी. कड्याला बिलगलेली रंगीत घरं, खाली निळं-हिरवं पाणी, वळणावळणांचा रस्ता. सगळं आधीच चित्रांतून पाहून झालेलं असतं आणि तरीही पाहावंसं वाटतं. मला ते सगळं आवडलं. पण आज त्या किनाऱ्याचं नाव निघालं की माझ्या मनात निळा रंग येत नाही. नाकपुड्या रुंदावतात, बस्स.

ताई आणि मी तेव्हा मिनोरीत उतरलो होतो. ताईचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि पायऱ्यांच्या या मुलखात तिला कशाला आणलं असं मला पहिल्या संध्याकाळी वाटलंही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माझ्या आधी चपला घालून दारात उभी. मिनोरी आणि मायोरी या शेजारगावांना जोडणारी डोंगरकुशीतली जुनी पायवाट, तिला लिंबांची वाट म्हणतात, ती आम्हाला चालायची होती. किनाऱ्यालगतचा गाडीरस्ता झाला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी कित्येक शतकं इथली माणसं अशाच वाटांनी जात-येत होती, नाहीतर होडीने.

मधल्या तोर्रे नावाच्या वस्तीपाशी पोचलो आणि भिंती संपल्या. डोक्यावर मांडव आला.

लिंबाचं झाड मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. पण अशी मांडवावर चढवलेली, चेस्टनटच्या खांबांना आणि आडव्या काठ्यांना फांदी न् फांदी बांधून घातलेली झाडं कधी पाहिली नव्हती. वेलीला द्यावा तसा आधार इथे झाडाला दिलेला. एक फांदी वाटेवर इतकी खाली आली होती की तिच्यापुढे मान वाकवावीच लागली. तिच्या शेंड्याला कळ्या होत्या, बाहेरून जांभळट झाक असलेल्या. उमललेल्या फुलाच्या पाच जाड, मेणचट पाकळ्या मागे वळलेल्या, आतून शुभ्र, मधे पिवळ्या परागकोशांचं कडं, आणि त्यात एक मधमाशी जवळजवळ आडवी झालेली. त्याच फांदीवर वीतभर मागे वाटाण्याएवढं हिरवं फळ, आणखी मागे पिकून पिवळंधमक झालेलं लिंबू, आपल्या लिंबाच्या तिप्पट मोठं, लांबुळकं, दोन्ही टोकांना निमुळतं. स्फुसातो ही इथली खास जात. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत फळं उतरवत राहतात, म्हणजे एकाच फांदीवर फूलही असतं आणि फळही, बाळही असतं आणि आजीही. २००१ साली युरोपीय संघाने या लिंबाला त्याच्या मुलखाच्या नावाचं संरक्षण दिलं. झाडाला त्याचं काय! ते आपलं फुलतंय.

आणि मग, त्या वाकवलेल्या मानेनिशीच, मला आजोळची विहीर दिसली.

आमच्या आजोळी, कोकणातल्या वाडीत, विहिरीच्या कडेला पपनसाचं झाड होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते फुलायचं. पपनसाचं फूल लिंबापेक्षा कितीतरी थोराड आणि वास त्याहून भारी, पण घराणं एकच. तोच गोडवा, तीच हिरवट किनार. संध्याकाळी आजी झाडांना शिपणं करायला निघाली की मी तिच्या मागे. डोणीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज, ओल्या मातीचा उसासा, आणि वरून उतरणारा तो वास. आजी पडलेली फुलं ओच्यात गोळा करायची आणि देवापाशी ठेवायची, बाकी त्या झाडाबद्दल ती कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. झाड होतं, वास होता, आजी होती. या तिन्ही गोष्टी कुणी केलेल्या नसतात, त्या असतातच, अशा वयाची मी होते.

पुढे कितीतरी वर्षं तो वास मला कुठेच भेटला नाही. आणि भेटला तो इथे, परक्या समुद्रावर, ज्या भाषेत मला धड पाणीसुद्धा मागता येत नव्हतं तिथे. मी पायरीवर बसले. ताईही न बोलता शेजारी टेकली. बराच वेळ.

बसल्यावर समोरचा गडगा दिसला. मांडवाच्या भराने डोळे वर जातात, म्हणून आधी लक्ष गेलं नव्हतं. हा सगळा डोंगर खरं तर उभा कडा. त्याला पायरी पायरी कोरून, दर पायरीला चुनामातीशिवाय नुसत्या दगडांचा गडगा रचून, मागे माती भरून, त्या अरुंद सोप्यांवर ही झाडं उभी केलेली. असे गडगे किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, समुद्रापासून थेट ढगांपर्यंत. दगडांच्या फटींतून पावसाचं पाणी निथळून जातं, म्हणून भिंत फुगत नाही. हात लावून पाहिला. ऊन खाऊन दगड कोमट झालेला, फटीत नेच्याचं एक पान आणि एक पाल. कुणीतरी तो दगड हातात फिरवून, त्याची बसायची बाजू शोधून, तिथे ठेवला होता. शंभर वर्षांपूर्वी, दोनशे वर्षांपूर्वी, कोण जाणे.

एक म्हातारे गृहस्थ वरच्या सोप्यावर ढासळलेला तुकडा पुन्हा रचत होते. एक दगड उचलायचे, बसवायचे, काढायचे, उलटा करून पुन्हा बसवायचे, मागे बारीक दगडांची भर घालायचे. आमच्याकडे पाहून हसले आणि पुन्हा कामाला लागले. गडगा जिथे पडतो आणि पडूनच राहतो, तिथे डोंगर सुटतो, आणि सुटलेला डोंगर या लोकांनी पाहिलेला आहे. १९५४च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीच्या पावसाने सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी, मिनोरी या गावांवर चिखलदगडांचे लोंढे आणले आणि तीनशेहून जास्त माणसं नेली. युनेस्कोने १९९७ साली हा किनारा जागतिक वारशात घेतला आणि २०१८ साली इटलीसह काही देशांतल्या गडगे रचण्याच्या कलेलाही मान दिला. मान मोठा आहे. पण रोज सकाळी त्या चढावर जाऊन दगड उलटासुलटा करून पाहणारे हात म्हातारे होत चाललेत, आणि तरुण पोरं खाली हॉटेलांत कामाला आहेत. त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

याच वाटेने पूर्वी लिंबं खाली जायची, बायकांच्या पाठीवरून. खाली समुद्रावर होड्या थांबलेल्या, तिथून माल पुढे दूरदूरच्या बंदरांना जायचा. पन्नासेक किलोंची भरलेली टोपली, खांद्यावर कपड्याची घडी, आणि या पायऱ्या. दिवसातून पुन्हा पुन्हा, बहुतेकजणी अनवाणी. एकीमागे एक रांगेने उतरणाऱ्या त्या बायकांना लोक मुंग्या म्हणत. आजही जिथे चाक पोचत नाही तिथे खेचरं ओझं वाहतात, बायका नाहीत. मला त्या बायका मात्र त्या दिवशी वाटेत सारख्या भेटत राहिल्या. पायऱ्यांच्या कडा मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, तिथे पाऊल ठेवताना.

रावेल्लोच्या बागा आम्ही नंतर पाहिल्या. समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंचावरचं ते गाव, आणि तिथली व्हिला रुफोलो. ओसाड पडलेली ती जुनी वास्तू फ्रान्सिस नेव्हिल रीड या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकात घेतली, सावरली, बाग लावली. १८८०च्या मे महिन्यात संगीतकार वाग्नर तिथे आला आणि आपल्या ‘पार्सिफाल’ या ऑपेरामधल्या जादूगाराची मायावी बाग त्याला तिथे सापडली. छत्रीसारख्या पाइनखाली उभं राहून, जुळ्या घुमटांवरून खालचा समुद्र पाहिला की त्याचं म्हणणं पटतं. व्हिला चिंब्रोनेची गच्ची तर अशी की कठड्यावरच्या संगमरवरी अर्धपुतळ्यांपलीकडे पाणी कुठे संपलं आणि आकाश कुठे लागलं ते कळत नाही. ताई तिथे कितीतरी वेळ कठड्याला हात टेकून उभी होती. सुंदर, फार सुंदर. पण त्या उंचीवर लिंबाचा वास नव्हता. गुलाब होते, भिजवलेली हिरवळ होती, आणि मला आतून चुकल्यासारखं होत होतं. माझ्या लेखी या किनाऱ्याची खरी बाग ती खालची, जिला कुणी बाग म्हणत नाही, जिचं तिकीट नाही.

एक दिवस आजेरोलाच्या बोमेरानोहून नोचेल्लेला जाणाऱ्या देवांच्या वाटेवरही गेलो. खाली पाहिलं की पोटात गोळा, वर पाहिलं की कडे, दूर काप्रीचं बेट. रोझमेरीचा रुक्ष वास. तिथे चालताना मला काहीच आठवलं नाही, आणि तेही बरं होतं.

रावेल्लोहून परतताना आम्ही बस सोडून तोरेल्लोवरून मिनोरीत उतरणाऱ्या पायऱ्या धरल्या. उतार गुडघ्यांना वाईट, पण ताईचा हट्ट. अर्ध्या उतारावर पहिली झुळूक आली, मग भिंतीपलीकडून एक आणखी, आणि शेवटी पायरीगणिक वास दाट होत गेला. ताई म्हणाली, “आलं गाव.”

त्या रात्री आम्ही खोलीवरच स्वयंपाक केला. घरमालकीणबाईंनी लिंबाची ताजी पानं दिली होती आणि काय करायचं ते हातवाऱ्यांनी दाखवलं होतं: धुरावलेल्या प्रोव्होला चीजचा तुकडा दोन पानांमधे ठेवायचा आणि तव्यावर दोन्हीकडून भाजायचा. पानाचा वास फुलासारखा नव्हे. तिखट, तेलकट, झणकन डोक्यात जाणारा. पानं करपली, चीज आतून ओघळलं. ताई म्हणाली, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखं आहे ग हे. मग बोलणं आजीकडे वळलंच, आणि मी पपनसाच्या झाडाचं, त्या वासाचं बोलले.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिने जे ऐकलं, ते मी जन्मले तोवर घरात कुणी बोलेनासं झालं होतं. “त्या वाडीत आधी होतं काय? सगळी पुळण,” ती म्हणाली. “वाळूत पपनस कुठून जगायला? आजी लग्न होऊन आली तेव्हा आजोबांनी डोंगराकडच्या लाल मातीच्या पाट्या वाहायला लावल्या सगळ्यांना. दोन पावसाळ्यांच्या मधे विहिरीभोवतीची सगळी जागा भरली त्यांनी. निम्म्याहून जास्त आजीनेच. पोटात आपला मामा होता, तरी.”

मी पानाचा करपलेला तुकडा सोलत राहिले.

“तिचे केस टाळूवर विरळ होते बघ, रुपयाएवढी जागा,” ताई म्हणाली. “ते त्या पाट्यांनी. चुंबळ घातली तरी घासतंच.”

ती जागा मला माहीत होती. रविवारी न्हायच्या आधी आजी माझ्यापुढे बसायची आणि मी तिथेच आधी तेल घालायचे, कारण तिथे ते पटकन मुरायचं.