पुढं काय झालं त्याचं?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही माझ्या मामांकडे गेलो होतो. मामांचा उजवा डोळा लहानपणी विटीदांडू खेळताना विटी लागून गेला. तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा असतो. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली आणि आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी गोष्टीचा हट्ट धरला. मला आठवली ती ग्रीक पुराणातली एकडोळ्या राक्षसाची, पॉलिफीमसची गोष्ट.

ट्रॉयचं युद्ध संपवून घरी निघालेला ओडिसियस बारा साथीदारांसह एका गुहेत शिरतो. गुहा असते सायक्लॉप्स जातीच्या या धिप्पाड मेंढपाळाची. तो दाराशी प्रचंड धोंडा लावतो आणि एका वेळी दोन माणसं मटकावू लागतो. सहा जण गेल्यावर ओडिसियस त्याला दारू पाजतो, आपलं नाव 'कुणी नाही' असं सांगतो आणि तो झोपल्यावर तापवलेला टोकदार सोट त्याच्या डोळ्यात खुपसतो. राक्षस ओरडतो, मला 'कुणी नाही'नं मारलं! कुणीच मारलं नाही म्हटल्यावर शेजारचे राक्षस आल्या पावली परत जातात.

मुलगा खदखदून हसला. मग एकदम म्हणाला, "आई, एकच डोळा म्हणजे मामाआजोबांसारखा?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मामा शेजारच्याच खाटेवर होते. पण तेच हसून म्हणाले, "हो रे! फक्त मी माणसं खात नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "शाळेत मुलं मला शुक्राचार्य म्हणायची. झारीतला! वाईट वाटायचं, पण शुक्राचार्य निदान गुरू तरी होता." आणि मग अंधारातूनच त्यांनी विचारलं, "काय गं, पुढं काय झालं त्याचं?"

मला उत्तर देता येईना. डोळा फुटला की माझी गोष्ट संपायची.

घरी आल्यावर 'ओडिसी'चं इंग्रजी भाषांतर काढलं आणि नववा भाग पुन्हा वाचला. सकाळ होते. आंधळा पॉलिफीमस गुहेच्या दारात बसून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेंढराची पाठ चाचपतो. माणसं मेंढ्यांच्या पोटाखाली आहेत हे त्याला कळत नाही. सगळ्यांत शेवटी येतो त्याचा लाडका मेंढा, ओडिसियसच्या ओझ्यानं मंदावलेला. राक्षस त्याला थांबवून बोलतो. रोज कुरणाकडे तू पुढं, ओढ्यावर तू पुढं, संध्याकाळी परतायलाही तूच पुढं. मग आज मागं का? धन्याच्या डोळ्याचं दुःख झालं का तुला?

हा भाग मी पूर्वी वाचला होता. पण त्यापाशी थांबले नव्हते.

पुढं ओडिसियस जहाजावरून फुशारकीनं आपलं खरं नाव ओरडून सांगतो. पॉलिफीमस आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला साकडं घालतो आणि ओडिसियसच्या मागं समुद्राचा कोप लागतो. पॉलिफीमस मात्र किनाऱ्यावरच राहतो. होमर त्याच्याकडे परत वळत नाही.

त्यानं सहा माणसं खाल्ली, तेव्हा त्याची वकिली मला करायची नाही. पण लोकांच्या मनात सायक्लॉप्स म्हणजे केवळ नरभक्षक, हेही खरं नव्हे. हेसिअड या कवीनं सांगितलेले तीन सायक्लॉप्स तर कसबी कारागीर. झ्यूसचं वज्र त्यांनीच घडवलं. मायसीनी आणि टिरिन्सच्या अजस्र दगडी भिंती सायक्लॉप्सनीच रचल्या, असं ग्रीक लोक मानत. थिओक्रिटसनं पॉलिफीमसला गॅलटीया या जलकन्येच्या प्रेमात झुरताना रंगवलं. 1914 मध्ये ओथेनिओ आबेल या शास्त्रज्ञानं वेगळाच तर्क मांडला. सिसिलीच्या गुहांत पूर्वीच्या बुटक्या हत्तींच्या कवट्या सापडतात. त्यांच्या मधोमध सोंडेच्या जागी मोठं भोक असतं. तेच कुणाला कपाळावरचा डोळा वाटलं असेल! तर्क खरा असेल तर बिचाऱ्या गवत खाणाऱ्या जनावराला आपण नरभक्षक ठरवलं म्हणायचं.

आपल्या रामायणातल्या कबंधालाही एकच डोळा होता. पण त्याची कथा हात तुटल्यावर संपत नाही. तो शापमुक्त होतो आणि रामाला सुग्रीवाची वाट दाखवतो. पॉलिफीमसला असं काही लाभलं नाही.

मी मामांना फोन करून मेंढ्याचा प्रसंग सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे डोळा गेल्यावर त्याला बोलायला एक मेंढाच होता तर. माझ्या उशाशी आई बसून असायची गं, महिनाभर."

परवा चिरंजीवांनी पुन्हा तीच गोष्ट मागितली. या वेळी मी मेंढ्यापर्यंत सांगितली. 'कुणी नाही'ला तो पूर्वीसारखाच हसला. मेंढ्यापाशी मात्र हसला नाही. थोडा वेळ गप्प बसून त्यानं विचारलं, "आई, मग मेंढा काय म्हणाला?"

"मेंढ्याला बोलता येत नव्हतं रे," मी म्हटलं.

"मग कोणीतरी बोलायला हवं होतं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.