समोर बघणारा बिबट्या

संग्रहालयात काचेआडचं अख्खं ग्रीक भांडं बघून आपण ‘वा!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. खापर हातात आलं की तसं सटकता येत नाही. इंग्लंडात शिकत असताना ग्रीक मृत्पात्रांचा अभ्यासक्रम मी घेतला, तो खरं तर खापरं हाताळायला मिळणार म्हणूनच.

आमच्यापुढच्या ट्रेमधली बरीचशी खापरं कॉरिंथची होती, इ.स.पू. ६०० च्या आगेमागची. माती फिकट, पिवळसर. अथेन्सच्या भांड्यांचा नारिंगी तांबूसपणा तिच्यात नाही. जेवढं शिल्लक आहे त्यावरून प्राणी ओळखायचा आणि तुकडा रेखाटायचा, हे आमचं काम. कुठे नुसती मांडी, कुठे शेपटीचं टोक. तोंड सापडलं तर निम्मं काम झालं. कॉरिंथचा सिंह बाजूनेच दिसतो. बिबट्या मात्र तोंड वळवून थेट आपल्याकडे बघतो. जंगलात असा नियम नाही, तो कुंभारवाड्यातला.

माझ्या वाट्याला बिबट्याच आला, कानापासून खांद्यापर्यंतचा. डेक्कन कॉलेजात महाराष्ट्रातल्या प्राचीन जोर्वे संस्कृतीची खापरं धुतलेली असल्याने मी ते खापर आधी उलटं केलं. आत रंग नाही, चाकावरच्या बोटांची वळणं तेवढी. म्हणजे भांडं अरुंद तोंडाचं, आणि वळणं आडवी धरली की बिबट्या कसा उभा होता तेही कळतं.

मग सुलटं करून दिव्याखाली तिरकं धरलं. आधी काळा आकार भरलेला, भाजण्यापूर्वी त्यावर अणकुचीदार हत्याराने रेषा कोरलेल्या: कान, नाक, खांद्याची कमान. रेषेतून खालची माती दिसते. खांद्याची रेषा काळ्याची हद्द ओलांडून बाहेर घसरली होती. नखाला ती खाच लागत होती. मानेवरचा जांभळट तांबडा रंग बराचसा उडालेला. काळा मात्र घट्ट होता. तो वेगळा रंग नव्हेच, गाळून घेतलेली बारीक मातीच. भट्टीत आधी हवा खेळवून, मग कोंडून, मग पुन्हा मोकळी सोडून ती काळी केलेली.

कॉरिंथची भांडी इटली-सिसिलीपर्यंत खपायची. मागणी वाढली तसे प्राणी लांबट झाले. एका बिबट्यात जास्त जागा भरते ना! मधली फुलं तर नुसते ठिपके, वर दोन-चार ओरखडे. अभ्यासक याला घसरण म्हणतात. मला ही घाईची खापरंच आवडतात. सुबक कामात हात लपतो, घाईत तो उघडा पडतो.

घसरलेली रेषा काढायची की गाळायची, असं मी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. काढायचीच, त्या म्हणाल्या. या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. कान कसा कोरला, खांदा कसा वळवला, यावरूनच एकाचं काम दुसऱ्यापासून वेगळं काढतात. हम्फ्री पेन यांनी १९३१ च्या ‘नेक्रोकोरिंथिया’ या पुस्तकात कॉरिंथच्या भांड्यांचा काळ आणि क्रम लावला, तोही शैलीतले असे बदल बघत. मी पेन्सिलीला टोक करून रेषा बाहेरपर्यंत ओढली.