बर्फाचा बहार

आमच्या वरुडात बर्फ दोनच ठिकाणी भेटतो. उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर आणि अवकाळी आभाळात. गाडीवरच्या बर्फाची मुलं वाट पाहतात. आभाळातल्याचं घरात कोणी नावही काढत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भ-मराठवाड्यावर गारपीट कोसळली, तेव्हा आमचा आंबिया बहार फुलावर होता. आभाळ मोकळं झाल्यावर बागेत गेलो. प्रत्येक बुंध्याभोवती पांढरा सडा. अर्ध्या गारा, अर्धी संत्र्याची फुलं. कोणतं काय, ते उचलल्यावरच कळे. गार मुठीत विरघळून जाई आणि फूल तसंच राही. बाबा काही बोलले नाहीत. पायानं सडा सारखा करत राहिले.

२०२५ च्या जूनमध्ये, मृग तोंडावर असताना मी त्यांना बातमी वाचून दाखवली. अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या आशिया चषकात भारताच्या मुलींनी आइस हॉकीचं कांस्यपदक जिंकलं होतं. बाहेर वाळवंट आणि आत यंत्रानं गोठवलेलं मैदान.

बाबा बाजेवर उठून बसले. "बर्फावर खेळतेत? आपल्याइथं बर्फ पडला का मानूस रडते."

मग मी सांगत गेलो. बहुतेक मुली लडाखच्या, काही लाहौल-स्पितीच्या. तिथं कर्झू, गुपुक्स अशी तळी हिवाळ्यात गोठतात, तेच मैदान. पायांत पात्यांचे बूट, हातात काठी आणि चेंडूऐवजी काळी रबरी चकती. २०१६ मध्ये या मुली पहिल्यांदा देशासाठी तैपेईला खेळल्या आणि एकही सामना न जिंकता परतल्या. पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४–३ असं हरवलं. म्हणजे पहिला विजय उष्ण देशातल्या शहरात, आणि तोही उष्ण देशावर! जमैकाच्या घरी तर बर्फाचं मैदानच नाही. तरी त्यांच्या संघानं २०१९ मध्ये फ्लोरिडात लॅटिन अमेरिकेची स्पर्धा जिंकली.

बाबांना जमैकाचं कौतुक वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "मैदान करतेत कसं?"

"रात्री पाणी सोडतात. थंडीत थर धरतो. सकाळी पाहायचं, जमलं की नाही."

रात्रीचं पाणी म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. पंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की कानाला मफलर गुंडाळून, बॅटरीच्या उजेडात बांध फोडत त्यांनी उभा जन्म काढला. बहार धरायचा तर आधी बागेला ताण द्यायचा, पानं मलूल होईस्तोवर पाणी तोडायचं. मग ऐन थंडीत पाणी सोडायचं आणि रोज सकाळी फांद्यांकडे पाहायचं, कळी धरली की नाही. माणसानं पाणी द्यावं. धरायचं की नाही, हे थंडीनं ठरवावं.

"किती दिस टिकते तो बर्फ?"

"जेमतेम दोन महिने. आताशा थंडी उशिरा येते, तर तेवढाही नाही."

"मंग बाकीचं वर्ष?"

"वाट पाहतात."

बाबा बराच वेळ वाळलेल्या धुऱ्याकडे पाहत होते. मग बाजेवर आडवे होत म्हणाले, "म्हंजे त्यायचाबी बहारच हाय."

गारपिटीनंतर अकरा वर्षांनी आमच्या घरात बर्फाविषयी कोणी बरं बोललं, ते हे एवढंच.