पाटणादेवीच्या वाटेवर

वरणगावच्या काळ्या जमिनीवर ज्याचा जन्म गेला, त्याच्या वाट्याला डोंगर येतो तो दुरूनच. उत्तरेस तापीपलीकडे सातपुड्याची निळी रेघ असते. वैशाखात ती धुळीत विरून जाते आणि पहिल्या पावसानंतर एखाद्या सकाळी इतकी स्वच्छ होऊन उभी राहते की, कपाशी निंदणारा हात क्षणभर थांबतो. परंतु पाय मात्र सपाटीची सवय सोडीत नाहीत. म्हणूनच की काय, आम्हां खानदेशकरांची थोर दैवते डोंगराच्या आश्रयाने राहिली आहेत. आडगावची मनुदेवी सातपुड्याच्या कुशीत, सप्तशृंगी वणीच्या गडावर, आणि चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, अजिंठा-सातमाळ्याच्या कड्याखाली, पाटणादेवी. त्यांच्या दर्शनाच्या निमित्ताने तरी पायांना चढ माहीत व्हावा, अशीच जणू पूर्वजांची योजना असावी.

पाटणादेवीला मी श्रावणात जातो. नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते, आणि त्या गर्दीचेही एक पावित्र्य आहे हे मला मान्य आहे. पण श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास जाण्यास माझ्यापाशी एक खास कारण आहे, ते पुढे येईलच. वरणगावच्या स्टेशनावरून भुसावळ, तेथून गाडी बदलून जळगाव, पाचोरा करीत चाळीसगाव, असा हा प्रवास. चाळीसगाव मागे पडले, की पिकांचे सपाट राज्य हळूहळू संपते, डोंगराचे दोन बाहू डावी-उजवीकडून पुढे येऊ लागतात, आणि साग, अंजन, धावडा, सालई यांच्या रानात शिरताच हवेचा वास बदलतो. येथून पुढचा पल्ला पायी चालावा असे मला नेहमी वाटते. एका पावसाळी सकाळी अशीच पायवाट धरली असता गुरांमागून येणाऱ्या एका वृद्ध गुराख्याने हटकले, "पाय जपीसन टाका भाऊ, दगड वल्ला शेतस." त्यानंतर मी वर कड्याकडे पाहणे सोडून पायाखाली पाहू लागलो, आणि शेवाळलेल्या धोंड्यांतून वाहणारे पाणी, सागाच्या कुजक्या पानांवर चाललेले मृगाचे तांबडे किडे, ओल्या मातीत उमटलेले खूर, हे सारे त्या देवीच्याच परिवारातले आहे असे मनाला जाणवू लागले.

देऊळ डोंगरांच्या वेढ्यात उंच जोत्यावर उभे आहे. दगडी खांबांचा गार मंडप, त्यापुढे गर्भागाराचा काळोख, आणि त्यात शेंदराने माखलेली चंडिका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना ती लगेच दिसत नाही. थोडे थांबावे लागते, आणि ते थांबणेच मला दर्शनाचा खरा आरंभ वाटतो.

याच भवानीच्या देवळात एक शिलालेख सापडला. मांद्र्यास जन्मलेले मुंबईचे विद्वान धन्वंतरी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो जगापुढे मांडला. त्यातला मजकूर असा की, सिद्धान्तशिरोमणीकार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी या पाटणात मठ स्थापिला; आणि यादवांचे मांडलिक निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ साली, श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, त्या मठास दान दिले. श्रावणातल्या माझ्या यात्रेचे कारण हे. ग्रहण का लागते, पृथ्वीची छाया चंद्रावर कशी पडते, याचे गणित ज्या ग्रंथात आहे, त्याच्याच अध्ययनासाठी ग्रहणकाळी दान द्यावे, यातले औचित्य मला फार हृद्य वाटते. ज्या ओठांनी देवीचे स्तोत्र म्हणावे त्याच ओठांनी लीलावतीतले उदाहरण सोडवावे, यात त्या लोकांना कसलेही द्वैत दिसले नाही.

लेखाचा बराच भाग संस्कृत आहे. परंतु व्यवहाराची गोष्ट आली तेथे तो लिहिणारा सरळ जुन्या मराठीवर येतो. पुढच्या काळाच्या भाषेत त्याला मठाची सनदच म्हटले असते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील जकातीचा हिस्सा, धान्याची मापे, घाण्यांमागे तेल, असे उत्पन्न मठाकडे लावून दिले आहे. मी या ओळींपाशी नेहमी अडखळतो. जकात लावायची तर माल हवा, माल यायचा तर वाट हवी. घाणे चालायचे तर तेली, गिऱ्हाईक आणि दिवे लावणारी घरे हवीत. म्हणजे जे स्थान आज आपण दुर्गम म्हणून भक्तिभावाने पाहतो, ते एके काळी गजबजलेला कसबा होता! दक्षिणेच्या पठारावरून खानदेशात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी तो वसला होता. हे अरण्य त्यावर मागाहून चढले. आता तर तो प्रदेश १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो, आणि पेठेच्या जागी बिबट्याचा वावर आहे.

दर्शन झाल्यावर पायांत बळ असेल तर घळीतून वर पितळखोऱ्याकडे चढावे. चढ खडा आहे, पावसात निसरडा आहे, वाटाड्यावाचून जाऊ नये. वर बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरीत आणलेली. आणि तेथील लेखांत पैठणच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदलेले आहे. मठाच्या आधी हजारांहून अधिक वर्षे याच डोंगरात व्यापाऱ्याच्या पैशातून धर्म आणि विद्या यांना घर मिळत होते. खाली देवळाचा कळस झाडीत लपलेला, समोर गिरणेच्या खोऱ्याची धूसर सपाटी, आणि दम लागलेल्या छातीत हा दोन सहस्र वर्षांचा हिशेब. गाडीने दारापर्यंत जाऊन परतणाऱ्यास देवी दर्शन देत नाही असे मी म्हणणार नाही, परंतु ती कोठे राहते हे त्याला कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा माझी खानदेशातल्या प्रत्येक घराला विनंती आहे. कुलाचाराचा नारळ आणि ओटीचे सामान घेऊन पाटण्यास अवश्य जावे, पण शेवटचा पल्ला पायी जावे, आणि बरोबर शाळेत जाणारी मुले असतील तर चांगदेवाच्या मठाची हकीकत त्यांना तेथेच, देवीच्या मंडपात बसवून सांगावी.